राखून ठेवलेलं हसू

आपल्यामुळे आजवर कोणीही हसलेलं नाही, असं एर्विन अटकाई छाती ठोकून सांगू शकत होता. आणि सांगायचाही! बावीस वर्षं तो अमेरिकेतल्या आपल्या नवाहो मुलखात शाळेची बस चालवत होता. रोज चाळीस पोरं, खडबडीत कच्चा रस्ता, दर दोन मैलांना आडवी येणारी मेंढरं. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कोणी गावाला पोट धरून हसवलं असतं. एर्विनच्या बसमध्ये मात्र मागच्या बाकावरची पोरंसुद्धा दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी बसायची. त्याने एकदा विनोद सांगून पाहिला होता. ऐकणाऱ्याने विचारलं, "मग? पोलिसात तक्रार केलीस की नाही?"

म्हणूनच त्या शनिवारी संध्याकाळी बाळाला कड्यावर न्यायचं काम त्याच्याकडे आलं.

बाळ म्हणजे हार्लन. एर्विनच्या धाकट्या बहिणीचा, लोरिंडाचा मुलगा. तीन महिन्यांचा झाला तरी अजून हसला नव्हता. झोपेत ओठ वाकडे करायचा, पण ते पोटातल्या वाऱ्याचं असतं, ते धरत नाहीत. जागेपणी, डोळे उघडे ठेवून, आवाज काढून हसलं की ते पहिलं हसू. आणि ते पहिलं हसू जो काढेल त्याने बाळाच्या नावाने सगळ्यांना जेवण घालायचं, बाळाच्या मुठीतून एकेकाच्या हातावर खडेमीठ द्यायचं. जेवणाचं कोणाला काही वाटत नाही. मेंढी कापली की झालं. लोकांची झोप उडते ती पुढच्या गोष्टीने. कारण पहिल्यांदा जो हसवतो त्याचा स्वभाव बाळाला लागतो, जन्मभरासाठी.

हे हसू रोझलिंडसाठी राखून ठेवलेलं होतं. रोझलिंड ही मधली बहीण, लांब फिनिक्स शहरातल्या शाळेत गाणं शिकवायची. ती हसली की दोन टेकड्यांपलीकडचे कुत्रे उठून उभे राहायचे. हात सढळ, मन मोकळं, आणि बदकाचा आवाज असा काढायची की तळ्यातली बदकं उत्तर द्यायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. लोरिंडाला दिवस गेले तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, "बाकी काही नको मला. पहिलं हसू तेवढं माझं!"

बाळ जन्मल्यापासून घरात जमावबंदी लागली होती. आई, म्हणजे बाळाची आजी देसबा, स्वतः पहारा करायची. टीव्हीचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याला शिंक येताना भलताच आवाज होतो, म्हणून त्याला दारातूनच परत पाठवत. पाळण्याजवळ कोणी जास्त वेळ रेंगाळलं की आई म्हणायची, "चल, हो बाजूला. तुझ्या तोंडाचा भरवसा नाही."

"दादा, शनिवारी माझी दवाखान्यात पाळी आहे," लोरिंडा एर्विनला म्हणाली. "बाळाला तूच सांभाळ आणि कड्यावरही तूच घेऊन ये. मी सुटले की आईला घेऊन परस्पर येते. तुझ्यापाशी तो निर्धास्त राहील."

"राहीलच! माझ्याकडे बघून अजून कोणी हसलंय का?" एर्विन अभिमानाने म्हणाला.

"तेच म्हणते मी. नाहीतर बाई, तुझ्यासारखा झाला तर..."

लोरिंडा तिथेच थांबली आणि उगाच दुपटी मोजायला लागली. एर्विनच्या तोंडावरची रेष हलली नाही, पण ती कधीच हलत नसे, त्यामुळे त्याला वाईट वाटलं आहे हे कोणाला कळलं नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं.

फोनवर रोझलिंडने सगळा बेत सांगितला. सूर्यास्ताला समोरची दरी तांबडीलाल होते, त्या उजेडात बाळाला मांडीवर घ्यायचं, बदकाचा आवाज काढायचा, लोरिंडाने फोटो काढायचा. "साडेसहा वाजता हं दादा! बरोबर साडेसहा!"

आता इथे घड्याळाचं थोडं सांगावं लागेल. उन्हाळ्यात आपल्या नवाहो मुलखाचं घड्याळ फिनिक्सच्या एक तास पुढे असतं. मधे होपी जमातीचा मुलूख लागतो, तिथे परत फिनिक्सची वेळ. म्हणजे फिनिक्सहून निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत तीनदा तासाने लहानमोठा होतो. आपल्याला याची सवय आहे. एर्विनला तर फारच होती, आणि तिथेच घोटाळा झाला.

मे महिन्यात मेंढ्यांची लोकर कापायच्या दिवशी रोझलिंडने जेवणाची वेळ इथल्या, नवाहो घड्याळाने सांगितली होती, भावाला त्रास नको म्हणून. एर्विनने ती फिनिक्सची समजून तास मिळवला आणि आला तेव्हा पातेली घासून उपडी घातलेली होती! तेव्हा त्याने शपथ घेतली, की यापुढे रोझलिंड जी वेळ सांगेल ती तशीच धरायची. आणि तिकडे रोझलिंडनेही शपथ घेतली, की यापुढे दादाला फिनिक्सचीच वेळ सांगायची, मिळवामिळव तो करतोच. दोघंही शब्दाचे पक्के.

तर बरोबर साडेसहाला, आपल्या साडेसहाला, एर्विनची पिकअप कावळ्याच्या कड्यावर येऊन थांबली. फळीच्या पाळण्यात, म्हणजे उचलून नेता येईल अशा पाठफळीवर, घट्ट बांधलेला हार्लन शेजारच्या सीटवर होता. एर्विन उतरला, पाळणा छातीशी धरला आणि कठड्यापाशी गेला. खाली सातशे फुटांवर मक्याची शेतं, पीचची झाडं, वाळूतून जाणारी पाण्याची बारीक रेघ. रोझलिंड कुठेच नव्हती. आणि सूर्य, मावळायचा सोडून, चांगला कासराभर वर होता.

"हा काय प्रकार?" एर्विन सूर्याला म्हणाला.

"कोणाशी बोलतोस?" मागून आवाज आला. विल्सन मेनीगोट्स. त्याची जागा तिथेच ठरलेली, कठड्याच्या कोपऱ्यात सतरंजी पसरून रंगवलेले दगड विकायचा. शाळेत एर्विनच्या वर्गात होता, आणि बोलताना त्याचे कान हलायचे. नुसते कानच नाही, भुवयाही!

"विल्सन, तोंड फिरव!" एर्विन ओरडला. "पाठ कर इकडे. बाळ अजून हसलेलं नाही."

"अरे बापरे!" विल्सनने गर्रकन पाठ केली. त्यालाही रीत माहीत होती. त्याच्या पोरीला औषधपाणी करणाऱ्या बुवांच्या घोड्याने हसवलं होतं आणि ती अजूनही लाथा मारते. "कोणासाठी राखलंय?"

"रोझलिंडसाठी. साडेसहाला येणार होती. सूर्यास्ताला."

"साडेसहाला कसला सूर्यास्त? अजून तासभर आहे की!"

दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले. मग एर्विनच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. तिचे साडेसहा म्हणजे आपले साडेसात! कड्यावर फोन लागत नाही. घरी परत जावं तर बारा मैलांचा खडबडीत रस्ता, आणि येतानाच एका खड्ड्यात पिकअप उडाली तेव्हा हार्लनच्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. एर्विनने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. परत तोच खड्डा? छे!

"एक तास," तो म्हणाला. "काय मोठंसं? मी एक तास कोणाला हसवणार नाही. बावीस वर्षं हेच करतोय."

एवढ्यात प्रवाशांची बस आली.

ओहायोहून आलेली चाळीस निवृत्त माणसं भराभर उतरली. जो तो आपापलं मनगट बघत होता. एकाच्या घड्याळात साडेपाच, दुसऱ्याच्या साडेसहा, आणि तिसऱ्याच्या फोनमध्ये दर मिनिटाला बदलत होतं.

"अहो, सूर्यास्त किती वाजता?" एकाने विल्सनला विचारलं.

"सूर्य मावळला की," विल्सन कठड्याच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"आणि आत्ता वाजले किती?"

"कोणाचे?"

तो माणूस गोंधळून बसकडे परत गेला. पण जांभळी टोपी घातलेली एक बाई सरळ एर्विनकडे आली. "अगं बाई, बाळ! कित्ती गोड! ए सोन्या... बुऽऽक!" असं म्हणत तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आता हात काढणार! एर्विनचं धाबं दणाणलं. पाळणा पाठीमागे नेत तो मधे उडी घेऊन उभा राहिला. "नका! हात काढू नका! त्याला हसवू नका!"

बाईने हात तसेच ठेवले. आतून आवाज आला, "का हो? काय झालंय त्याला?"

एर्विनला लांबण लावायची सवय नव्हती. अनोळखी माणसाला घरची रीत कशी समजावून सांगायची? त्याने थोडक्यात आटपलं. "तो हसता कामा नये. त्याची मावशी येतेय लांबून. ती पोचेपर्यंत नाही. त्याआधी हसला, तर त्याचं आयुष्य..."

आणि इथे, देव जाणे कसं, त्याला लोरिंडाचं ते अर्धवट वाक्य आठवलं. 'तुझ्यासारखा झाला तर...' एर्विन मधेच अडखळला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच! पुढचं वाक्य त्याच्याच्याने बोलवेना. त्याने नुसती मान हलवली.

बाईने सावकाश हात खाली घेतले. तिचे डोळे भरले होते. "आई गं! एवढंसं लेकरू!" ती पुटपुटली आणि बसकडे धावली.

तिने तिकडे काय सांगितलं ते एर्विनला ऐकू आलं नाही, पण परिणाम लगेच दिसला. हसत-खिदळत फोटो काढणारी माणसं एकेक करून गप्प झाली. टोप्या उतरल्या. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग चाळीस माणसं दबक्या पावलांनी आली आणि एर्विनभोवती अर्धवर्तुळ करून उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खिशातून तोंडाने वाजवायचा बाजा काढला आणि डोळे मिटून इतकं रडकं गाणं सुरू केलं, की मागच्या रांगेत हुंदके ऐकू यायला लागले.

"विल्सन," एर्विन ओठ न हलवता म्हणाला, "ही माणसं काय करतायत?"

"मला काय विचारतोस? मी भिंतीकडे बघतोय," विल्सन म्हणाला. "मर्तिक आहे का कोणाचं?"

"तेच कळत नाही. माझ्याकडेच बघून रडतायत."

"तू बोललास का काही त्यांच्याशी?"

"दोनच वाक्यं बोललो."

"तुझी दोन वाक्यं म्हणजे पुष्कळ झाली," विल्सन म्हणाला. आपलीही टोपी काढून त्याने छातीशी धरली. कोणाचं का असेना, मान द्यायला हवा.

इतक्यात एका माणसाने पुढे होऊन एर्विनचा हात दोन्ही हातांत घेतला. "खंबीर राहा," तो म्हणाला. एर्विनला काही उलगडा झाला नाही. "राहीन," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

हार्लनची मात्र चंगळ झाली होती. तीन महिने त्याने घरची चारपाच बंद तोंडं पाहिलेली. इथे चाळीस निरनिराळी तोंडं! कोणाचं नाक लाल, कोणाची दाढी थरथरतेय, कोणाच्या चष्म्याखालून पाणी गळतंय. बाळ एकेक तोंड निरखून बघत होतं, आणि बाजावाल्याचे गाल बेडकासारखे फुगायला लागले तसे त्याचे ओठ हलायला लागले.

एर्विनने चटकन पाळण्याचं तोंड दरीकडे फिरवलं. दरीत एक डोमकावळा नेमका त्याच वेळी खर्रर्र करून उलटा झाला. इथले डोमकावळे वाऱ्यावर असे उलटेपालटे होतात, नुसती मजा म्हणून. बाळाचे पाय दुपट्यात हलले. एर्विनने पाळणा पार्किंगकडे फिरवला. तिथे बसच्या चाकाशी एक मोकाट कुत्रा कोणाची तरी जांभळी टोपी घालायचा प्रयत्न करत होता!

पुढे माणसं, मागे कावळा, बाजूला कुत्रा. जगात निर्धोक असं एकच तोंड उरलं होतं. एर्विनने पाळणा उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला.

मामा-भाचे एकमेकांकडे बघत राहिले.

खरं सांगायचं तर एर्विनने त्याला इतकं जवळून कधी पाहिलंच नव्हतं. भीतीच वाटायची. त्याने पाहिलं, बाळाची डावी भुवई उजवीपेक्षा थोडी वर आहे. आपलीही तशीच आहे, हे त्याला रोज दाढी करताना दिसायचं. एर्विनला एकाएकी त्या पोराची इतकी माया आली, की त्याने पाळणा आणखी जवळ घेतला.

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "मावशी येतेय तुझी. ती चांगली आहे. तिच्यावर जा. माझ्यावर नको जाऊस रे बाबा. माझ्यावर गेलास तर जेवायला बसल्यावर तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते."

हार्लनने गंभीरपणे ऐकून घेतलं. विल्सनने पाठमोऱ्यानेच नाक ओढलं. आणि एर्विनचा पुटपुटता आवाज ऐकून आता हा बाळाचा निरोप घेतोय असं वाटून जांभळ्या टोपीवाली बाई, टोपी नसलेली, मोठ्याने रडायला लागली.

इकडे सूर्य खरोखरच टेकत आला होता. पलीकडचा अख्खा कडा पेटल्यासारखा झाला, सावली शेतांवरून सरकत पीचच्या झाडांपर्यंत आली. आणि हा देखावा बघायला दीड हजार मैल तुडवून आलेली चाळीस माणसं त्याच्याकडे पाठ करून एका बसड्रायव्हरकडे बघत होती.

नेमकी त्याच वेळी रोझलिंडची गाडी आली. तिच्यामागोमाग लोरिंडाची, शेजारी आई.

तिघी उतरल्या आणि त्यांनी काय पाहिलं? कड्याच्या अगदी टोकाशी मोठा घोळका. टोप्या काढलेल्या. बाजावर रडगाणं. बायका ओक्साबोक्शी रडतायत. मधे एर्विन, मान खाली घातलेला. आणि बाळ कुठेच दिसत नाही, कारण त्यांच्या बाजूला पाळण्याच्या फळीची नुसती पाठ होती.

"हार्लन!" लोरिंडाची किंकाळी दरीत जाऊन परत आली.

"आली! मावशी आली!" टोपी नसलेली बाई ओरडली. घोळका एकदम ढवळला. निम्मे लोक लोरिंडाला वाट द्यायला मागे सरले, निम्मे तिला सावरायला पुढे झाले, मागच्यांना पुढचे कुठे चाललेत ते कळेना आणि पुढच्यांना मागचे का ढकलतायत ते कळेना. विल्सनचे दगड गडगडले. म्हातारी माणसं, समोर गुडघाभर उंचीचा कठडा, आणि पलीकडे सातशे फूट!

एर्विनने ते पाहिलं आणि विचार केलाच नाही. बावीस वर्षांच्या सवयीने त्याच्या छातीतून जे बाहेर पडलं ते बाहेर पडलं.

"सगळ्यांनी आपापल्या जागेवर बसा! चालू गाडीत उभं राहायचं नाही!"

धप्प!

चाळीसच्या चाळीस माणसं जागच्या जागी खाली बसली. आठ दिवस प्रवासी बसमध्ये काढलेले लोक ते. ड्रायव्हरचा शब्द त्यांच्या हाडात भिनला होता. बाजावाला बाजा तोंडात घेऊनच बसला, त्याचा पोंऽऽ असा एक आवाज झाला. विल्सन भिंतीकडे तोंड करून बसला. आणि धावत येणारी लोरिंडा, एवढी एकतीस वर्षांची परिचारिका, तीही धुळीत मांडी घालून बसली आणि हात पुढे बांधले! शाळेत असताना नऊ वर्षं ती दादाच्याच बसने जायची.

कड्यावर चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत, एर्विनच्या हातांतल्या पाळण्यातून, आवाज आला.

"हॅ... हॅ हॅ हॅ हॅ!"

खणखणीत! डोळे उघडे, तोंड उघडं, हिरड्या दिसतायत. पोटातला वारा म्हणायची सोयच नव्हती. आणि सूर्य मावळला.

रोझलिंड उभी होती तिथेच थिजली. बदकाचा आवाज काढायला फुगवलेले गाल हळूहळू खाली गेले.

"साडेसहा म्हटलं होतं ना मी!" तिचा आवाज कापत होता.

"मी साडेसहालाच आलो!"

"अरे माझे साडेसहा! तू तास मिळवतोस ना नेहमी!"

"मे महिन्यात मिळवला, तर जेवण गेलं! म्हणून आता नाही मिळवला!"

"आणि म्हणूनच मी नाही मिळवला!"

"मग मिळवायचा कोणी?" एर्विनने विचारलं.

लोरिंडाने तोवर उठून पाळणा ओढून घेतला होता. बाळाचे मुके घेता घेता ती हसत होती, रडत होती आणि भावाला बोलतही होती. "ही माणसं कोण? का रडतायत?"

"मला अजून कळलेलं नाही," एर्विन खरं तेच म्हणाला.

विल्सनने ओहायोवाल्यांना एकदाची रीत समजावून सांगितली. तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मग मात्र नवाच वाद निघाला. बाळाला हसवलं कोणी? रोझलिंडच्या मनात आशा पालवली. "दादाने कुठे हसवलं? दादा तर ओरडला. ही माणसं धप्पकन बसली, त्याला हसलं ते!"

"मग आम्ही चाळीस जणांनी जेवण घालायचं का?" बाजावाल्याने काळजीने विचारलं. "आमची उद्या सकाळी सहाला बस आहे. कोणाच्या सहाला, ते विचारू नका."

"मीठ मी आणते," टोपीवाली बाई डोळे पुसत म्हणाली.

"चाळीस जणांचा स्वभाव एका पोराला?" लोरिंडा घाबरली. "कसा पेलणार तो?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. देसबा इतका वेळ काठी टेकून उभी होती. सगळ्या कड्यावर एर्विनचं न ऐकलेली ती आणि रोझलिंड, दोघीच. आपल्यात बोट दाखवत नाहीत, म्हणून तिने खालचा ओठ पुढे काढून ओहायोवाल्यांकडे दाखवलं. "हे उभे होते तेव्हा बाळ हसलं का?"

"नाही."

"बसले कोणाच्या सांगण्यावरून?"

आईने ओठ वळवून एर्विनकडे नेला आणि तिथेच ठेवला. निकाल लागला होता.

रोझलिंडने कपाळाला हात लावला. मग ती भावापाशी आली, त्याच्या शर्टावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "असू दे. मेंढी मी आणते. रस्सा तुला जमत नाही." एवढं बोलून ती मोठ्याने नाक शिंकरायला निघून गेली. रोझलिंड ती रोझलिंडच.

लोक पांगले. एर्विन कठड्यावर बसून राहिला. आई येऊन शेजारी टेकली.

"आई, चुकलं माझं," तो म्हणाला. "एवढं राखून ठेवलेलं, आणि माझ्या हातून गेलं. आता तो माझ्यासारखा होणार."

"बसच्या मागच्या बाकावर पोरं चुळबुळ करतील तर पुढे पोचतील का धड?" आई म्हणाली. "आज तू ओरडला नसतास तर दोघंतिघं खालच्या मक्यात जाऊन पडली असती. तसा होईना का बाळ."

"तरीपण. हसत नाही कोणी माझ्यापाशी."

आई त्याच्याकडे वळली. "तुला पहिल्यांदा कोणी हसवलं होतं, ठाऊक आहे?"

"नाही."

"माझ्या थोरल्या भावाने."

एर्विन चमकून बघायला लागला. त्या मामांचं नाव आई घेत नसे, गेलेल्या माणसाचं घेऊ नये. पण त्यांच्या गोष्टी अख्ख्या मुलखात अजून चालतात. ते पंचायतीत बोलायला उभे राहिले की विरोधी बाजूचे लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे. मेंढ्यांच्या डॉक्टरला त्यांनी एकदा मेंढीच्या आवाजात दुखणं सांगितलं होतं!

"त्यांनी? मला?"

"तुझ्यासाठी महिनाभर राखून ठेवलं होतं सगळ्यांनी," आई म्हणाली. "डोक्यावर कढई घालून नाचला तेव्हा तू हसलास. केवढं जेवण घातलं! सगळे म्हणाले, पोरगा मामावर जाणार. वाट बघून बघून माझे केस पिकले." ती काठी टेकून उठली. "तेव्हा तू काळजी करू नकोस. होईल त्याचं काय व्हायचं ते."

एर्विनला खूप हलकं वाटलं. म्हणजे सुटला पोरगा!

जेवण पुढच्या रविवारी ठेवलं. वेळ सांगताना घड्याळाचं नाव काढायचं नाही असं ठरलं. सावली पायाखाली आली की या, म्हणून सगळ्यांना निरोप गेले. रोझलिंडने रस्सा केला, आईने टम्म फुगलेल्या रोट्या तळल्या, आणि एर्विन नवा शर्ट घालून हार्लनला मांडीवर घेऊन बसला. रांगेतलं एकेक माणूस पुढे आलं की बाळाची मूठ धरून त्याच्या हातावर खडेमीठ ठेवायचं आणि चांगलं चिंतायचं. एर्विनच्या शेजारची खुर्ची रिकामी नव्हती. तिथे विल्सन बसला होता, आता कान हलवायची बंदी उठल्यामुळे.

रांगेत शेवटची रोझलिंड आली. मीठ घेतलं, मग तिला राहवेना. पहिलं गेलं तर गेलं, दुसरं तरी! ती बाळासमोर वाकली, गाल फुगवले, हातांचे पंख केले आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला बदकाचा आवाज काढला. खुराड्यातल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. वाढपी थांबले. विल्सनने मदतीला कान हलवले, भुवया हलवल्या.

हार्लनने हे सगळं शेवटपर्यंत पाहिलं. ओठ घट्ट मिटले. डावी भुवई थोडी वर गेली. आणि त्याने रोझलिंडकडे असं पाहिलं, जसं काही ती चालू गाडीत उभी राहिली आहे.

अंगणातल्या लोकांनी बाळाकडे पाहिलं, मग त्याच्या वर, त्याच भुवईच्या, त्याच ओठांच्या एर्विनकडे पाहिलं.

"गेला!" आई म्हणाली. "मामावर गेला!"

आणि जो हशा फुटला म्हणता! रोझलिंड जमिनीवर बसून हसत होती, लोरिंडाच्या हातून रस्सा सांडला, विल्सन खुर्चीसकट मागे पडला. अख्खं अंगण हसत होतं, आणि तेही एर्विनमुळे. बावीस वर्षांत, खरं म्हणजे सेहेचाळीस वर्षांत, पहिल्यांदाच! मामा-भाचे मात्र त्या गदारोळात गंभीरपणे एकमेकांकडे बघत बसले होते. यात हसण्यासारखं नेमकं काय आहे, हे दोघांनाही कळलेलं नव्हतं, आणि एर्विनला तरी ते अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.